बाण कुठे जातो ते पाहणारा डोळा

मागच्या उन्हाळ्यात माझा अकरा वर्षांचा नातू सुटीसाठी नागपूरहून जबलपूरला आमच्याकडे आला होता. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मला लाकूडकामाचा छंद आहे. त्यातही बांबूची धनुष्ये करण्यात मन विशेष रमते. नातवाने पहिल्याच दिवशी हट्ट धरला, "आजोबा, मला पण काहीतरी करून द्या ना!" धनुष्याला फार दिवस लागतात, म्हणून मी त्याला गलोल करून द्यायचे ठरवले.

अंगणातल्या पेरूची थंडीत छाटलेली एक फांदी वाळून तयार होती. तिचे बेचके कापले, साल काढली, कानशीने घासले, पॉलिश पेपरने गुळगुळीत केले आणि वरून जवसाच्या तेलाचा हात दिला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि मध्ये कातड्याचा तुकडा लावला. दोन दिवस मी त्या कामात इतका बुडून गेलो होतो की जेवायला दोनदा हाक मारावी लागत होती. वस्तू खरोखरच सुरेख झाली. नातू खूश झाला आणि मीही.

चौथ्या दिवशी दुपारी तो मागच्या दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे, चेहरा उतरलेला. हातात एक मेलेला होला होता. कडुनिंबावर त्या जोडीचे घरटे होते आणि त्यात दोन अंडी होती. होल्यांमध्ये नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. उरलेला पक्षी त्यानंतर चार दिवस एकटाच घरट्यावर बसत होता. पाचव्या दिवशी तो दिसला नाही. अंडी तशीच राहिली.

मी नातवाला रागावलो. "पक्षी मारायला दिली होती का तुला ही?"

तो रडत रडत म्हणाला, "मग कशाला केली होती, आजोबा?"

त्याने उलट उत्तर म्हणून हे विचारले नव्हते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि मला उत्तर देता आले नाही. आज हे लिहीत आहे ते त्या प्रश्नाशी वर्षभर बसून राहिल्यानंतर.

हाताला काम, मनाला स्थिरता

आधी या छंदाने मला काय दिले ते सांगितले पाहिजे, कारण त्याने पुष्कळ दिले आहे.

धनुष्य करायला मला मंडल्याकडच्या एका वयस्क गोंड गृहस्थांनी शिकवले. ते बांबूच्या वस्तू घेऊन जबलपूरच्या बाजारात येत. पहिल्या वर्षी मी घाई करून ओलसर बांबूवर काम सुरू केले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाबूजी, अभी मत खींचिए. अभी सूखा नहीं है." मी ऐकले नाही. धनुष्य वाकले ते वाकलेलेच राहिले, पुन्हा सरळ झाले नाही.

चांगल्या धनुष्याला तीन-चार वर्षांचा जून बांबू लागतो. तो सावलीत वाळवावा लागतो. उन्हात ठेवला तर तडकतो. बांबूची बाहेरची चिवट साल ही धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडे राहणारी बाजू. दोरी ओढली की पाठीवर ताण येतो आणि आपल्याकडच्या आतल्या बाजूवर, पोटावर, दाब येतो. म्हणून साल कधी तासायची नसते. जे काही तासायचे ते पोटाकडून. इंग्रजांची उंच लाकडी धनुष्ये यू नावाच्या झाडाची असत. त्यातही बाहेरचे पांढुरके, ताण सोसणारे लाकूड पाठीला आणि आतले गर्द, दाब सोसणारे लाकूड पोटाला ठेवत. 1545 मध्ये बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्रज जहाज 1982 मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्या जहाजावरची 137 अखंड धनुष्ये मिळाली आहेत. मंडल्याचा कारागीर आणि इंग्लंडचा कारागीर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनाही सामग्रीच्या स्वभावाने एकच गोष्ट शिकवली.

सर्वांत कठीण काम असते दोन्ही बाजू सारख्या वाकतील असे करणे. धनुष्य आडवे टांगून दोरी थोडी थोडी ओढायची, लांब उभे राहून वाक पाहायचा. एखादी जागा जास्त वाकत असेल तर ती दुबळी आहे. नवखा माणूस नेमका तिथेच पटाशी लावतो आणि धनुष्य गमावतो. काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. म्हणून दुबळ्या जागेला हात लावायचा नसतो. तिच्या आजूबाजूचा ताठरपणा हळूहळू कमी करायचा, म्हणजे सगळा भार तिच्या एकटीवर येत नाही. घरात एखादे माणूस कमकुवत असेल तर आपणही असेच वागायला हवे, हे मला त्या बांबूने शिकवले. वयाच्या साठीनंतर शिकवले, याची थोडी लाजही वाटते.

या कामात मन जसे स्थिर होते तसे माझे पूजेलाही होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. रंध्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. जुनी भांडणे, औषधांच्या वेळा, उद्याची काळजी, सगळे मागे पडते. याला मी साधनाच समजत होतो. आणि त्यासाठी माझ्याकडे शास्त्राचा आधारही होता.

अवधूताचा एक गुरू

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. त्याने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, आणि एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गढून गेला होता की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत निघून गेली तरी त्याला कळले नाही. मन असे एका ठिकाणी लावावे, हे मी त्याच्याकडून शिकलो, असे अवधूत सांगतो. याच स्कंधावर संत एकनाथांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली आणि 1573 मध्ये ती काशीला पूर्ण केली. त्यामुळे हा बाण करणारा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेला आहे.

माझ्या कामाच्या टेबलाजवळ बसलो की मला हा कारागीर आठवायचा आणि बरे वाटायचे. होल्याच्या घटनेनंतर मात्र तीच गोष्ट वेगळी वाटू लागली. राजाची स्वारी त्याला दिसली नाही, ठीक. पण ज्या बाणाला तो सरळ करत होता, तो बाण पुढे कुठे गेला? कुणाच्या छातीत? ते तरी त्याला दिसले का?

गोष्ट याबद्दल काही सांगत नाही. पण चोवीस गुरूंची यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. अवधूताने प्रत्येक गुरूकडून अनुकरण करण्याजोगेच घेतलेले नाही. पृथ्वीकडून त्याने सहनशीलता घेतली, पण कबुतराकडून अतिमोह कसा बुडवतो ते घेतले. पतंगाकडून रूपाचा, हरणाकडून नादाचा आणि माशाकडून जिभेचा धोका ओळखला. म्हणजे काय घ्यावे आणि काय टाळावे, हे निवडण्याचे काम शिष्याचे आहे. बाण करणाऱ्याकडून एकाग्रता जरूर घ्यावी. पण एकाग्र माणसाला आजूबाजूचे दिसत नाही, हेही त्याच गोष्टीत सांगितलेले आहे. ध्यानाला बसलेल्याच्या बाबतीत ही स्तुती ठरते. हातात बाण असलेल्याच्या बाबतीत ती काळजीची गोष्ट आहे.

मी दोन दिवस गलोल करण्यात गढून गेलो होतो. त्या दोन दिवसांत कडुनिंबावरचे घरटे मला एकदाही आठवले नाही. ते मला माहीत नव्हते असे नाही. रोज सकाळी चहा पिताना मी त्या जोडीला पाहत होतो.

"मी फक्त लाकूड तासले"

मनात पहिला विचार आला तो आपल्या सर्वांना येणारा. वस्तू निर्दोष असते, वापरणारा हात दोषी असतो. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही. मी लाकूड तासले, दगड तर त्याने मारला.

हे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. सुरीचे शंभर उपयोग आहेत. गलोलीचा उपयोग एकच, दूरच्या गोष्टीला लागेल असा दगड फेकणे. वस्तूचा आकारच तिच्या हेतूने ठरतो. मी बेचक्याची रुंदी मोजली, दोन्ही पट्ट्या सारख्या ताणल्या, कातडे मधोमध बसवले, ते सगळे दगड नेमका जावा म्हणून. नेम साधावा यासाठी दोन दिवस खटपट करायची आणि नेम साधल्यावर मी त्यातला नव्हे असे म्हणायचे, हे बरोबर नाही. घडवणारा जितका कुशल तितका त्याचा वाटा मोठा. वाकडीतिकडी गलोल केली असती तर तो होला कदाचित आज जिवंत असता.

कायद्यानेही रानपक्ष्यांना मारणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे. पण नातू अकरा वर्षांचा. त्याला कायदा ठाऊक नव्हता, मला होता. दगड सुटण्यापूर्वी थांबण्याइतके भान ज्याच्याकडे असायला हवे होते, तो माणूस घरात टेबलाशी बसून पुढच्या धनुष्याचा बांबू निवडत होता.

शस्त्रे घडवणारे गाव

याचा अर्थ शस्त्र घडवणे हेच पाप, असा काढावा का? जबलपुरात राहून असे म्हणणे सोपे नाही. इथला तोफगाड्यांचा कारखाना 1904 मध्ये सुरू झाला. पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, लष्करी वाहनांचा कारखाना आला. या शहरातली किती तरी मराठी घरे या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. 2019 मध्ये सैन्याला इथून जी 155 मिलिमीटरची तोफ मिळाली तिचे नावही 'धनुष'. आमच्या शेजाऱ्यांनी आयुष्यभर अशा कामावर घाम गाळला. खंडेनवमीला ते आपल्या अवजारांना हळदकुंकू लावतात. त्या हातांना दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

या भूमीला राणी दुर्गावतीची आठवण आहे. अकबरनाम्यात अबुल फझलने तिच्या बंदूक आणि बाणाच्या नेमाची प्रशंसा केली आहे. 1564 मध्ये आसफखानाच्या फौजेशी लढताना तिला बाण लागले. शरण जाण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने मृत्यू पत्करला. राज्यावर चालून आलेल्यासमोर तिने उचललेले शस्त्र आणि माझ्या अंगणातली गलोल यांना एका मापाने मोजता येणार नाही.

फरक कोणता? संरक्षणाच्या शस्त्रामागे एक हेतू असतो, आज्ञा असते, कायदा असतो, जाब विचारणारा कुणी असतो. जवान मनात आले म्हणून तोफ डागत नाही. छंदाला मात्र आज्ञा देणारा कुणी नसतो आणि जाब विचारणाराही नसतो. आपली हौस, आपला वेळ, आपले अंगण. म्हणून आपल्याला वाटते की छंदात जबाबदारी कमी. खरे तर उलट आहे. बाहेरचा कोणताही लगाम नसल्यामुळे तिथे सगळा लगाम स्वतःच्या विवेकालाच धरावा लागतो. जे काम आपण 'नुसती गंमत' म्हणून करतो, तिथेच विवेक झोपलेला असतो.

धर्मव्याधाचा पूर्वजन्म

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा येते. मिथिलेत मांस विकणारा हा माणूस कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म समजावून सांगतो. हा भाग आपल्यापैकी अनेकांना माहीत असतो. पण त्याने स्वतःच्या पूर्वजन्माविषयी जे सांगितले आहे, ते फारसे कुणी लक्षात ठेवत नाही.

पूर्वजन्मी तो वेदांचा अभ्यास केलेला ब्राह्मण होता. धनुर्विद्येची आवड असलेल्या एका राजाशी त्याची मैत्री झाली आणि त्या सहवासात तोही धनुष्य चालवायला शिकला. त्याच्या उपजीविकेला त्याची गरज नव्हती, रक्षणासाठीही नव्हती. आजच्या भाषेत तो त्याचा छंदच होता. एकदा राजाबरोबर तो शिकारीला गेला. आश्रमाजवळ त्याने सोडलेला बाण एका ऋषीला लागला. "मी कुणाचे काही वाईट केले नव्हते," असे म्हणत ऋषी कोसळला. ब्राह्मणाने विनवले की हे नकळत घडले. तरीही ऋषीने त्याला व्याध होशील असा शाप दिला, आणि पुढे दया येऊन त्या जन्मातही तुला धर्माचे ज्ञान राहील असे सांगितले.

'नकळत घडले' हे कारण ऋषीने पुरेसे मानले नाही. हे कठोर वाटते. पण ज्याच्या हातात बाण आहे त्याने पुढे काय आहे ते कळून घ्यायचे असते. न कळणे हाच इथे दोष आहे.

या कथेतला पुढचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. शाप मिळाल्यावर तो ब्राह्मण निघून गेला नाही. त्याने ऋषीच्या अंगातला बाण काढला, त्याला उचलून आश्रमात नेले, आणि ऋषीचे प्राण वाचले. पश्चात्ताप म्हणजे कपाळ बडवून घेणे नव्हे. आपल्या हातून सुटलेल्या बाणापर्यंत चालत जाणे, हा पश्चात्ताप.

गलोलीचे काय केले

आमच्या बाबतीत बाण काढून प्राण वाचवण्याची संधी गेलेली होती. नातू म्हणाला, "आजोबा, ही चुलीत टाकून द्या." मलाही क्षणभर तसेच वाटले. पण जाळून टाकले असते तर दोघेही मोकळे झालो असतो, आणि इतक्या लवकर मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. आम्ही कडुनिंबाखाली खड्डा करून होल्याला पुरले. त्यानंतरचे चार दिवस उरलेला पक्षी घरट्यावर बसलेला असायचा आणि आम्ही दोघे सकाळी गच्चीवरून त्याला पाहत असू. मी नातवाला काही उपदेश केला नाही. पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "आता अंडी थंड झाली असतील ना?" मी "हो" म्हणालो. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

सुटी संपण्यापूर्वी मी त्याला मंडला रस्त्यावर, बारेल्याजवळ, दुर्गावतीच्या समाधीला घेऊन गेलो. इंग्रज अधिकारी स्लीमन याने 1844 मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की त्या वाटेने जाणारा प्रत्येक प्रवासी तिथे एक सुंदर पांढरा खडा वाहून पुढे जातो. हे मी नातवाला वाटेत सांगितले. गलोलीसाठी त्याने ग्वारीघाटावर नर्मदेकाठून गोल गोल दगड गोळा केले होते. त्यातला एक पांढरा दगड त्याच्या खिशात होता. त्याने तो तिथे ठेवला.

गलोल आजही माझ्या टेबलासमोर टांगलेली आहे. धनुष्ये करणेही मी सोडलेले नाही. मात्र काही नियम स्वतःला घालून घेतले आहेत.

पहिला, धनुष्य कुणाला द्यायचे, ते कुठे वापरले जाणार, हे ठरल्याखेरीज बांबूला कोयता लावायचा नाही.

दुसरा, मुलाच्या हातात वस्तू द्यायची ती त्याच्यासोबत उभे राहायला वेळ असेल तरच. राज्याची तिरंदाजी अकादमी आमच्याच शहरात आहे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या चमूतली मुस्कान किरार जबलपूरचीच. तिरंदाजीच्या स्पर्धांत शिट्टीखेरीज कुणी बाण सोडत नाही, आणि तीन शिट्ट्या झाल्यावरच सगळे मिळून लक्ष्याकडे बाण आणायला जातात. नेमबाजीइतकीच ही शिस्त शिकण्यासारखी आहे. बाण सोडण्याइतकेच बाणापर्यंत चालत जाणेही त्या खेळाचा भाग आहे.

तिसरा, लक्ष्य म्हणजे गवताची पेंढी किंवा गोणपाट. जिवंत असे काहीही नाही.

चौथा नियम कामाच्या वेळेचा. दर अर्ध्या तासाने रंधा खाली ठेवायचा आणि खिडकीबाहेर पाहायचे. एकाग्रता मोडते, मोडू दे.

लक्ष्य आधी

मुंडक उपनिषदात एक प्रसिद्ध रूपक आहे. प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य. तिथे आणखी एक गोष्ट सांगितली आहे, वेध घेणाऱ्याने अप्रमत्त असावे. अप्रमत्त म्हणजे बेसावध नसलेला, भान न हरपलेला. पूर्वी मी हे रूपक वाचायचो तेव्हा मन धनुष्यावर आणि बाणावर रेंगाळायचे. आता कळते की लक्ष्य ठरल्याशिवाय धनुष्य आणि बाण या दोन्हींना काही अर्थ नाही. एकाग्रता आपल्याला बळ देते. ते बळ कुठे जाऊन लागणार, हे पाहण्याचे काम अप्रमादाचे आहे. साधनेला दोन्ही हवेत.

हे फक्त लाकूड तासणाऱ्यांपुरते नाही. आपण प्रत्येक जण काहीतरी घडवत असतो आणि ते दुसऱ्याच्या हातात देत असतो. कुणी मुलाच्या हातात मोबाइल देतो, कुणी चारचौघांत एक चटकदार वाक्य सोडून देतो, कुणी कार्यालयात एखादा नियम लिहितो. काम नीटनेटके झाले की आपण समाधानाने उठतो. ते पुढे कुठे जाऊन लागले, हे पाहायला मागे वळत नाही.

यंदाही नातू सुटीला येणार आहे. परवा फोनवर त्याने विचारले, "आजोबा, कडुनिंबावर परत घरटं झालं का?" मी सांगितले, अजून नाही, पण सकाळी एक जोडी येऊन बसते. तो म्हणाला, "मग या वेळी आपण पाणी ठेवायचं भांडं करू या का, लाकडाचं?"

बांबूचे पेर चांगले रुंद आहे का, ते मी आज सकाळी पाहून ठेवले.